तुझ्या बोटाला शाई कुठाय?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही वीस वर्षं कोपरखैरण्याला राहतो. माझं माहेर ठाण्यातलं, कोपरीचं. सासर सातारा जिल्ह्यातलं, वडूजचं. मिस्टर ऐरोलीला आयटी कंपनीत आहेत. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वय बहात्तर. वडूजला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हा आम्हीच त्यांना इकडे घेऊन आलो.

घरात भांडण होतं ते राजकारणावरून. आप्पांना सकाळी पेपर लागतो, संध्याकाळी बातम्या लागतात आणि त्यावर बोलायला माणूस लागतो. मिस्टरांचं म्हणणं, सगळे सारखेच, आपण त्यात डोकं घालू नये. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान होतं. गुरुवारची सुट्टी होती, यांनी शुक्रवारची रजा टाकली आणि मित्रांबरोबर अलिबागला गेले. मी आणि मुलगी मतदान करून आलो. रविवारी रात्री जेवताना हे कुठल्याशा पक्षफुटीवर बोलायला लागले, तर आप्पा म्हणाले, “तुझ्या बोटाला शाई कुठाय? मग बोलायचं नाही.” हे चिडले. म्हणाले, “तुम्ही गावाकडचे लोक भावकी बघून मत देता. मयताला कोण आलं, लग्नात कोणी आहेर केला, त्यावर तुमचा आमदार ठरतो. त्यापेक्षा न दिलेलं बरं.” आप्पा ताटावरून उठले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. “आप्पांना सांग”, “त्याला विचार”, सगळं माझ्यामार्फत चालतं.

त्यात यांनी आप्पांचं नाव वडूजच्या यादीतून काढून इथे लावायचं मनावर घेतलंय. ऑनलाइन फॉर्म भरायला बसले आणि ओटीपीसाठी आप्पांचा फोन मागितला. आप्पांनी फोन उशीखाली ठेवला. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, यंदा तिचं पहिलं मत होतं. ती विचारते, “आई, गावचं राजकारण खरं की शहरातलं? पुढच्या वेळी कोणाला देऊ, तूच सांग.” मी तिला काय सांगू? आणि ताई, या दोघांत बरोबर कोण?

– एक सून, कोपरखैरणे

---

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरात कोण कोणत्या पक्षाचं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर द्यायला मला ते लागतही नाही. पक्षावरून भांडण असतं तर नेत्यांची नावं निघाली असती. तुमच्याकडे शाई निघाली आणि मयत निघालं. बाप लेकाला म्हणाला, तुला बोलायचा हक्क नाही. लेक बापाला म्हणाला, तुम्हाला मत द्यायची अक्कल नाही. दोन्ही वाक्यं जिव्हारी लागणारी आहेत. दोन्ही माझ्या ओळखीचीही आहेत, कारण मी दोन्हीकडे राहिले आहे.

मी मूळची जुन्नरची, लग्न होऊन ठाण्यात नौपाड्याला आले. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि शिक्षकाला निवडणुकीची ड्युटी कधी चुकत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याचं एक वैशिष्ट्य आहे. एकाच जिल्ह्यात घोडबंदर रोडचे टॉवर आहेत आणि शहापूर-मुरबाडचे पाडेही आहेत. मला दोन्हीकडे नेमणुका आल्या.

शहापूर तालुक्यात एका आश्रमशाळेत आमचं केंद्र होतं. आदल्या दिवशी साहित्य घेऊन पोचलो, रात्री वर्गातच सतरंजी टाकून झोपलो. सकाळी मतदान सुरू झालं आणि यादीत नाव शोधायची वेळच माझ्यावर येईना. बाई दारात दिसली की तिन्ही एजंट एकदम सांगायचे, “काळूची सून. दोनशे चौदा नंबर.” दुपारी एक म्हातारी आली. तिचं नाव यादीत भलतंच छापलेलं, वय वीस-पंचवीस वर्षांनी कमी. मतदाराच्या ओळखीवर एजंटाला आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरून घेता येतो. तिघं तीन पक्षांचे, पण त्या दिवशी कोणीही खिशात हात घातला नाही. “ही आमची आजी आहे बाई, बसू द्या तिला आधी,” असं त्यांतल्या दोघांनी एकाच वेळी म्हटलं.

पुढे काही वर्षांनी घोडबंदर रोडवर ड्युटी लागली. अकरा वाजेपर्यंत रांगच नाही. एक जोडपं आलं, त्यांची नावं यादीत नव्हती. जुन्या पत्त्यावर मुलुंडलाच राहिली होती, आणि हे त्यांना त्या दिवशी कळलं. एका गृहस्थांचा चेहरा यादीतल्या फोटोशी जुळेना म्हणून मी एजंटांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कोणी त्यांना ओळखत नव्हतं. मागे उभी असलेली बाई त्यांच्याच मजल्यावरची निघाली. ती म्हणाली, “यांना लिफ्टमध्ये पाहिलंय. नाव नाही माहीत.” ओळखपत्र नीट तपासून मी त्यांना आत सोडलं, पण ते वाक्य माझ्या कानात बसलं.

आप्पा आणि तुमचे मिस्टर यांच्या भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं. ज्याला सगळे ओळखतात त्याचं राजकारण वेगळं असतं आणि ज्याला कोणी ओळखत नाही त्याचं वेगळं. शिक्षण किती आणि अक्कल किती, याचा त्यात फार थोडा भाग आहे.

जरा हिशेब करून बघू. साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावाला नगरपंचायत मिळते आणि तिचे नगरसेवक सतरा असतात. वडूजला नगरपंचायतच आहे. म्हणजे एका नगरसेवकामागे सहाशे ते दीड हजार माणसं. तो आप्पांच्या दुकानात उधारीवर युरिया नेणारा असतो, नाहीतर त्याचा बाप तरी असतो. आता नवी मुंबई बघा. २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांवर लोक आणि नगरसेवक १११. म्हणजे एकामागे दहा हजार माणसं. त्यात जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत बहुतेक प्रभाग चार-चार नगरसेवकांचे झाले. चाळीस हजार लोकांचे चार प्रतिनिधी! गटार तुंबलं तर त्या चारांतल्या कोणाला फोन करायचा, हे माझ्या ओळखीच्या एकाही घरात कोणाला सांगता आलेलं नाही.

मग आप्पांना नगरसेवक म्हणजे माणूस वाटतो आणि मिस्टरांना तो फ्लेक्सवरचा फोटो वाटतो, यात नवल काय?

पाण्याचंही तसंच. वडूजचा खटाव-माण हा दुष्काळी पट्टा. जिहे-कठापूर योजनेचं पाणी येणार, येणार, हे ऐकत त्या भागातली माणसं म्हातारी झाली. आप्पांच्या दुकानाचा धंदासुद्धा पाऊस आणि कालवा बघून चालला असेल. तिथे पाणी हा मंत्रालयातला, आमदाराच्या वजनाचा, कोणी कोणाशी हात मिळवला याचा विषय आहे. राजकारणावर बोलायचं नाही म्हटलं तर पाण्यावरही बोलायचं नाही. तुमच्या कोपरखैरण्याच्या नळाला मात्र मोरबे धरणाचं पाणी येतं. धरण खालापूर तालुक्यात, मालकी नवी मुंबई महापालिकेची. मिस्टर सकाळी नळ उघडतात तेव्हा त्यांना कोणाला विचारावं लागत नाही, म्हणून पाण्यात राजकारण असतं हे त्यांना जाणवत नाही. मी शहापूरला होते तेव्हा फार अस्वस्थ व्हायचे. भातसा तिथे, तानसा तिथे, मुंबई-ठाण्याचे नळ त्यावर चालतात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ‘राजकारणाशी माझा काय संबंध’ हे वाक्य नळाच्या या टोकाला उच्चारता येतं. त्या टोकाला उभं राहून कोणी ते म्हणत नाही.

मतदानाचे आकडेही तसेच बोलतात. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर आणि कोल्हापूर, दोन्हीकडे ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं. ठाण्यात ५२, कल्याणला ५०. यातली थोडी तफावत यादीतली आहे, हे मी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामासाठी, दारोदार फिरले असल्यामुळे सांगते. इमारतीत आठ वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव तसंच असतं आणि आज राहणाऱ्याचं नसतं. गावात कोण गेलं, कोण सासरी गेली, हे यादी करणाऱ्याला घरबसल्या माहीत असतं. पण यादी पूर्ण दुरुस्त केली तरी सगळी तफावत जाणार नाही.

आता मयताचं. तुमच्या मिस्टरांचं हे वाक्य आप्पांना सगळ्यात जास्त लागलं असणार, आणि ते का, हे मिस्टरांना समजावून सांगायला हवं. वर्षापूर्वी आप्पांची बायको गेली. तेव्हा स्मशानात कोण उभं होतं आणि दहाव्याला कोण येऊन बसलं, हे त्यांच्या मनात कोरलेलं असणार. त्यांत गावातले दोन-तीन पुढारी असणारच. लहान गावात मयताला येणं ही पुढाऱ्याची परीक्षा असते. तो अडचणीच्या वेळी सापडतो का, बोलावल्याशिवाय येतो का, पडलेल्या माणसाजवळ बसतो का, हे लोक तिथे बघून घेतात. रात्री दोन वाजता बाळंतिणीला गाडी लागली, तहसील कचेरीत कागद अडला, पोराला साप चावला, तर दार वाजवायचं ते याच माणसाचं. त्याचा जाहीरनामा आप्पांनी वाचला नसेल, पण त्याला त्यांनी पंचवीस वर्षं पाहिलंय. “मयताला कोण आलं ते बघून मत देता” हे त्यांनी ऐकलं तेव्हा त्यांना त्यांची बायको आठवली असेल. लेकाच्या ते गावीही नसेल.

आणि शहरात देवाणघेवाण होत नाही असं मिस्टरांनी समजू नये. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत कुठल्याही सोसायटीची बैठक ऐका. पेव्हर ब्लॉक कोण टाकून देतो, गेटवर सीसीटीव्ही कोण लावतो, बाकड्यांवर कोणाचं नाव येणार. आहेरच आहे तो, सोसायटीच्या नावाने आलेला. गावातला निदान आपल्या हाताने देतो आणि जेवून जातो.

आप्पांची बाजू इतकी मांडली, म्हणजे मिस्टर चुकले असं समजू नका. ओळखीची दुसरी बाजू मी त्याच शहापूरच्या आश्रमशाळेत पाहिली. मतदान संपत आलं होतं. तिथे स्वयंपाक करणारी बाई मत द्यायला सगळ्यात शेवटी आली आणि यंत्रापाशी जायच्या आधी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “बाई, कोणी कोणतं बटण दाबलं ते मशीनला कळतं का?” मी म्हटलं, नाही कळत. ती म्हणाली, “मशीनला नाही कळत, पण त्यांना कळतं. मागं आमच्या पाड्याची मतं कमी पडली, तर टँकर दोन महिने वरल्या पाड्याला जात होता.” तिचं खरं होतं. मतमोजणी केंद्रानिहाय होते, कोणत्या केंद्रात कोणाला किती, ते सगळ्यांना दिसतं. शंभर घरांच्या पाड्याचं गुप्त मतदान कितीसं गुप्त राहणार? सगळ्या केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजायचं यंत्र आणावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता, २०१५ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. अजून झालेलं नाही. ती बाई यंत्राजवळ बराच वेळ थांबली. बटण दाबल्याचा आवाज आला तेव्हा मलाच सुटल्यासारखं वाटलं.

भावकी बघून मत देणं हे प्रेमाने होतं तसं भीतीनेही होतं. ज्याला सगळे ओळखतात त्याची जातही सगळे ओळखतात. आप्पा दुकानदार होते, चार माणसं त्यांना विचारून चालत असतील. ज्याच्याकडे दुकान नव्हतं, जमीन नव्हती, ज्याची वस्ती गावाच्या कडेला होती, त्याला तेच वडूज कसं दिसलं असेल, हे आप्पांना कोणीतरी हळूच विचारायला हवं.

हे भांडण तुमच्या हॉलमध्ये सुरू झालेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवला. मसुद्यात गावाला स्थान का नाही अशी टीका होत होती. बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, मसुद्याने गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं याचा मला आनंद आहे. समोर गांधीजींचं ग्रामस्वराज्य मानणारी माणसं बसली होती, त्यांना हे फार लागलं. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींची तरतूद घालायची दुरुस्ती सभेत आली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. आज ते कलम ४० आहे. पुढे ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला. घटनेने दोघांनाही घरात ठेवून घेतलं. तुमच्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. तिच्या प्रश्नाच्या जवळ जाणारं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता तुमच्या मिस्टरांची बाजू. ते अलिबागला गेले ते चुकलंच, पण त्यांचा विश्वास का उडाला तेही बघा. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. साडेपाच वर्षांहून जास्त काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात तुमच्या घरी पाणी आलं, घंटागाडी आली, दिवे लागले, स्वच्छ शहरांच्या यादीत वरचे नंबरही येत राहिले. एखाद्या माणसाने त्यावरून ठरवलं की नगरसेवक नसला तरी काही अडत नाही, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याला एवढंच दाखवीन की त्या काळात अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. आयुक्तच महासभा, आयुक्तच स्थायी समिती. हजारो कोटींच्या खर्चावर उभं राहून “हे कशाला?” असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या सभागृहात नव्हता. नळ चालू असताना ही गोष्ट डोळ्यांवर येत नाही.

“इथे कोणाला राजकारणाचं काय पडलंय” असं ते म्हणतात का? म्हणत असतील तर त्यांना तुमच्या सेक्टरमधून कोपरखैरणे गावात चालत घेऊन जा. दहा मिनिटांचंही अंतर नाही. तिथे आगरी-कोळी घरांत कोण कोणाचा, कोण कधी फुटला, हे वडूजइतकंच पाठ असतं. ज्या जमिनींवर हे सेक्टर उभे आहेत त्या नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर घेतल्या. पुढे भावावरून लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणजवळ दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. नेते होते दि. बा. पाटील. प्रकल्पग्रस्तांना मिळणारी साडेबारा टक्के जमीन त्या रक्तातून आलेली आहे. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून जी मानवी साखळी झाली, तिच्यातही ती आठवण होती. हुतात्म्यांना अजून दरवर्षी जानेवारीत अभिवादन होतं. मतमोजणी झाली तो दिवस १६ जानेवारीचाच होता, आणि तुमचे मिस्टर तेव्हा अलिबागला होते. मला त्यांना टोचायचं नाही. पण वीस वर्षं राहिलेल्या शहराचं हे कोणी त्यांना सांगितलंच नसेल तर त्यांना हे शहर फक्त झोपायची जागा वाटणार.

आप्पांना मात्र हे सांगा, ते लगेच ओळखतील. वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ ला मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. त्या गावात वाढलेल्या माणसाला दास्तान फाटा समजावून सांगावा लागणार नाही. बापलेकाने मिळून एकदा दास्तान फाट्याजवळच्या जासईला जाऊन यावं. गाडीत काय बोलायचं, हा प्रश्न तिथून परतताना येणार नाही.

आता यादीतल्या नावाचं. इथे माझं मत स्पष्ट आहे: आप्पांचा फोन आप्पांच्या उशीखाली राहू द्या.

कायदा असा. नाव एकाच ठिकाणी असतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथे ‘सर्वसाधारण रहिवासी’ आहे तिथे त्याचं नाव हवं. गावात नुसतं घर आहे एवढ्याने तिथला रहिवासी होता येत नाही, आणि काही काळ बाहेर राहिल्याने रहिवास जातही नाही. म्हणजे सगळा प्रश्न आप्पा इथे कायमचे आले आहेत का, एवढाच आहे. ते उत्तर आप्पांनी द्यायचं. त्यांनी अजून ते स्वतःलाही दिलं नसेल. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथे खटाव-माण-पाटण-जावळीची हजारो माणसं माथाडी म्हणून आली. कित्येकांची नावं अजून गावच्या यादीत आहेत, निवडणुकीला तिकडचे उमेदवार इथे येऊन मेळावे घेतात. कायद्याच्या नजरेने ते बरोबर नाही, आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. पण माणसं नाव का हलवत नाहीत, हे मला कळतं.

बीएलओ असताना एक गोष्ट मी पाहिली आहे. यादीत एका घराची नावं लागून येतात. नवरा-बायकोचे फोटो शेजारी किंवा वर-खाली असतात. एक जण गेला की त्या चौकोनावर आडवा शिक्का पडतो, नाव वगळलं म्हणून. एका आजोबांना मी घरी यादी दाखवायला गेले तेव्हा त्यांनी त्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाले, “माझं राहू दे इथंच.” आप्पांचं नाव आज वडूजच्या यादीत सासूबाईंच्या शेजारी असण्याची शक्यता आहे. मिस्टर ओटीपी मागत होते तेव्हा आप्पांना दुसरंच काही ऐकू आलं असेल. मी चुकतही असेन. तुम्ही विचारा, “आप्पा, नाव हलवायचं नाही, ते आईंसाठी का?” उत्तर आलं नाही तरी त्यांना कळेल की या घरात कोणीतरी हा विचार केला. इथेच राहायचं त्यांचं ठरलं, की फॉर्म ८ भरायला पाच मिनिटं लागतात. तो त्यांनी स्वतः भरावा, लेकाने शेजारी बसावं.

तोवर त्यांना माणसं हवीत. वडूजला दुकानात दिवसाला पन्नास माणसं बोलत होती. इथे गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्यांची ओळख फ्लॅट नंबर एवढीच उरली. बातम्यांवरचा राग बराचसा त्या एकटेपणाचा आहे असं मला वाटतं. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, जवळच्या केंद्रात त्यांना घेऊन जा. पहिल्या दिवशी मिस्टरांनी सोबत जावं. आणि एक काम दोघांना मिळून द्या. सोसायटीच्या बाहेर कुठली फरशी उखडली आहे, कुठला दिवा बंद आहे, बघा. मिस्टरांनी ऑनलाइन तक्रार करावी, आप्पांनी नव्या नगरसेवकांना जाऊन भेटावं. चौघांनाही. आप्पांना माणसाला गाठून काम करून घेणं येतं, लेकाला कागद आणि तारखा सांभाळणं येतं. कोणाच्या वाटेने काम लवकर होतं ते त्यांचं त्यांना बघू द्या.

निरोप पोचवणं आजपासून बंद करा. “त्याला विचार” म्हटलं की “तो तिथे बसलाय, तुम्हीच विचारा” म्हणून स्वयंपाकघरात जा. दोन-चार दिवस घर गप्प राहील, राहू द्या. मीठ हवं असेल तर माणूस मागतो.

आणि एक राहिलं. तुमच्या पत्रात आप्पांचं मत आहे, मिस्टरांचं आहे, मुलीचा प्रश्न आहे. तुम्ही मतदान करून आलात एवढं एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात. चार बटणं दाबताना तुम्ही काय विचार केलात, कोणाचं काय बघितलंत, ते कुठेच नाही. त्या ताटावर तुम्हाला कोणी विचारलं का? तुम्ही ठाण्यात वाढलात, सून वडूजची, वीस वर्षं नवी मुंबईत. दोन्हीकडचं पाणी भरलेलं घरात तुमच्याइतकं कोणी नाही. उद्या जेवताना राजकारण निघालं तर वाढता वाढता तुमचं म्हणणं सांगा. पक्ष सांगायची गरज नाही. काय बघून मत दिलं, ते सांगा.

मुलगी विचारते कोणाला देऊ, तर ते तुम्हीही सांगू नका, बाबांनीही नाही आणि आजोबांनीही नाही. तिला त्या चार नगरसेवकांची नावं शोधून काढायला सांगा आणि आप्पा त्यांना भेटायला निघतील तेव्हा तिला बरोबर पाठवा. जायच्या आधी तिने यादीत आपलं नाव आणि जन्मतारीख बरोबर छापली आहे का ते बघावं. नवीन मतदारांच्या नोंदीत चुका फार असतात. चूक असेल तर त्यालाही फॉर्म ८ च लागतो.